प्रतिसाद : बॅटरी बदलण्यापूर्वी टर्मिनल तपासावे

गाडीची चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, पण इंजिन न फिरता नुसती टकटक होते, या लक्षणावरून आधीच्या एका प्रतिसादात थेट नवी बॅटरी घेण्याचा सल्ला दिला गेला आहे; तो मला घाईचा वाटतो.

भराभर टकटक होत असेल, तर स्टार्टरला (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) पुरेसा विद्युतप्रवाह मिळत नाही एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि त्याचे कारण उतरलेल्या बॅटरीइतकेच सैल किंवा पांढरा-हिरवा थर चढलेले टर्मिनलही (बॅटरीला तार जोडण्याचे टोक) असू शकते, कारण दिव्यांना लागणारा अल्प प्रवाह अशा खराब जोडणीतूनही जातो, स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा मात्र जात नाही. म्हणून आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवून दोन्ही घासून स्वच्छ करावीत आणि उलट क्रमाने घट्ट बसवावीत.

त्यानंतर बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, पण चावी फिरवताच आकडा ९.६ च्या बराच खाली घसरला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. एकच मोठा 'टक' आवाज येऊन पुढे काही होत नसेल आणि व्होल्टेज टिकून असेल, तर स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड (स्टार्टरला प्रवाह जोडून देणारा विद्युतचुंबकीय स्विच) मेकॅनिककडून तपासून घ्यावा.