फायनल एक्स्पेन्ससाठी लीड्स विकत घ्याव्यात का? माझं मत : घ्याव्यात, पण डोळे उघडे ठेवून

ओहायोतला_सातारकर

मंडळी, इथे अमेरिकेत इन्शुरन्सचं लायसन्स काढलेले आपले लोक मला सारखं एकच विचारतात, कोणी नोकरी गेली म्हणून यात आलेलं असतं तर कोणी मुलं मोठी झाली म्हणून, की फायनल एक्स्पेन्स विकायचं तर लीड्स, म्हणजे पॉलिसीत रस दाखवलेल्या माणसांची नावं-पत्ते, विकत घेऊ की नको. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फायनल एक्स्पेन्स म्हणजे छोटी होल लाइफ (आयुष्यभर चालणारी) पॉलिसी असते, बहुतेक ५ ते २५ हजार डॉलरची, वय साधारण ५० ते ८५, मेडिकल टेस्ट नाही, फक्त तब्येतीचे प्रश्न आणि औषधांची हिस्टरी. मेल्यावर अंत्यविधीचा खर्च मुलांवर पडू नये म्हणून लोक घेतात. इथल्या फ्युनरल डायरेक्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे अंत्यदर्शन आणि दफन धरून मध्यम खर्च ८,३०० डॉलर होता, आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) देते एकदाच २५५ डॉलर, तेही नवरा-बायकोला किंवा पात्र मुलालाच. गरज खरी आहे, यात वाद नाही.

आता लोक म्हणतात ओळखीतून विका. अहो कुठल्या ओळखीतून? आपल्या मंडळाच्या गणपतीत भेटणारी माणसं सॉफ्टवेअरमधली, त्यांच्याकडे कंपनीचा टर्म इन्शुरन्स आणि वर निवृत्तीची बचत, ४०१के. यातला ग्राहक आहे लहान गावातली सत्तरीची बाई, जी सोशल सिक्युरिटीवर महिना काढते. ती तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपात नाही. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता विकतच घ्यावा लागतो.

हिशेब असा. समजा २० डायरेक्ट मेल लीड्स घेतल्या, म्हणजे घरी आलेलं कार्ड त्या माणसाने हाताने भरून परत पाठवलेलं, एक ४० डॉलरला, झाले ८००. त्यातून ४ पॉलिसी झाल्या, हप्ता महिना ६० डॉलर, म्हणजे वर्षाला ७२०. १०० टक्के कमिशन, त्यातलं ९ महिन्यांचं आगाऊ मिळतं, चौघांचे मिळून २,१६०. लीड्सचे गेले ८००, उरले १,३६०. पेट्रोल वेगळं. हा धंदा आहे, आणि कुठल्या धंद्यात माल विकत घ्यावा लागत नाही?

टॅम्पाची_वाट

सातारकर, हिशेब अर्धाच मांडलात, आणि उरलेल्या अर्ध्यातच नवीन माणूस बुडतो.

ते २,१६० डॉलर तुमचे झालेले नसतात. आगाऊ आहेत, म्हणजे उसने. ग्राहकाने तीन हप्ते भरून पॉलिसी सोडली तर कंपनी उरलेल्या सहा महिन्यांचे ३६० डॉलर परत घेते, याला चार्जबॅक म्हणतात. चारातल्या दोन सुटल्या की ७२० गेले, राहिले ६४०, आणि तोवर तुम्ही पुढच्या आठवड्याच्या लीड्स क्रेडिट कार्डावर घेऊन बसलेले असता. लीडवाल्याला मात्र काहीच परत करावं लागत नाही, त्याचे ८०० पक्के! पॉलिसी टिको न टिको.

आणि विकतच्या लीडमधला माणूस सोडतो जास्त, हे मी माझ्याच ग्राहकांत बघतोय. जी बाई शेजारणीच्या सांगण्यावरून येते तिची पॉलिसी टिकते, जी फेसबुकवरची जाहिरात बघून नाव टाकते ती पुढच्या महिन्यात दुसऱ्याच एजंटचं ऐकते. मी सीनियर सेंटरमध्ये जातो, चर्चच्या जेवणाला मदतीला उभा राहतो, गावातल्या फ्युनरल होमवाल्याशी ओळख ठेवतो. वेळ लागतो, मान्य. पण ती ओळख माझी असते, भाड्याची नाही.

औंध_नाइट_शिफ्ट

मी एजंट नाही, पण या धंद्याची दुसरी बाजू बघितली आहे म्हणून लिहितोय. पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये होतो (नाव देत नाही), रात्री अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावायचा आणि हो म्हणाला की तिथल्या एजंटला जोडून द्यायचा. ज्याला तुम्ही लोक लाइव्ह ट्रान्सफर म्हणता.

स्क्रिप्टमध्ये इन्शुरन्स हा शब्द सुरुवातीला नव्हताच. "तुमच्या राज्यात नवीन बेनिफिट आलाय, अंत्यविधीच्या खर्चाचा" असं बोलायचं. पलीकडच्या आजींना वाटायचं सरकारी योजना आहे. वय आणि बँक खातं आहे का विचारलं की फोन पुढे. ट्रान्सफर झाली की आमच्या बोर्डावर आकडा वाढायचा. ती बाई पुढे काय ऐकते, काय समजते, कोणाला घेणंदेणं नव्हतं. तुम्ही लीड विकत घेता तेव्हा हेही विकत घेता, एवढंच सांगायचंय.

ओहायोतला_सातारकर

औंध, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. लाइव्ह ट्रान्सफर मी घ्या असं म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. नवीन लोकांनी हे नीट वाचा, कारण यात नुसता नीतीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. टीसीपीए नावाचा १९९१ चा फोनविषयीचा कायदा आहे, नियम मोडला तर एका कॉलमागे ५०० डॉलर, जाणूनबुजून केलं असेल तर १,५०० पर्यंत, आणि ज्याला फोन आला तो स्वतः कोर्टात जाऊ शकतो. फोन लावणारा पुण्यात किंवा मनिलात असतो, नोटीस येते ज्याच्यासाठी फोन लावला त्या एजंटला. एका फॉर्मवर एकाच विक्रेत्यासाठी ग्राहकाची संमती असा नियम एफसीसी या सरकारी दूरसंचार संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये केला होता, तो लागू व्हायच्या तीन दिवस आधी, २४ जानेवारी २०२५ ला, अपील कोर्टाने रद्द केला. म्हणजे एकच लीड पाच जणांना विकायला मोकळं रान आहे. पण डू नॉट कॉल यादी आहेच, टीसीपीए आहेच.

टॅम्पा, चार्जबॅकचं तुमचं खरं आहे, पण तो लीडचा दोष नाही, विकणाऱ्याचा आहे. सीनियर सेंटरमध्ये ओळख व्हायला वर्ष जातं, ज्याच्या घराचं भाडं पहिल्या तारखेला आहे त्याने तोवर काय खायचं?

डेटनची_सूनबाई

माझ्या शेजारी एक आजी राहतात, एकट्या. मागे त्यांनी फेसबुकवर २५,००० डॉलरच्या बेनिफिटचं काहीतरी बघून नाव, जन्मतारीख, फोन टाकला. त्यानंतर त्यांचा फोन थांबेना. त्या मला बोलवायच्या, अगं हे बघ गं परत कोणीतरी. जेवताना फोन, डॉक्टरकडे असताना फोन, प्रत्येक जण म्हणतो तुम्हीच फॉर्म भरलाय. शेवटी त्यांनी फोन उचलणंच सोडलं आणि मग त्यांच्या मुलीचाही फोन उचलेनात. तुम्ही इथे चाळीस डॉलरला काय मिळतं आणि किती उरतं याचा हिशेब करताय, त्या लीडला नाव आहे हो. मला राग येतो हे वाचून, स्पष्टच सांगते.

जॉर्जियातली_ताई

सूनबाई, राग बरोबर आहे. आणि तरीही मी लीड्स विकत घेते, बरीच वर्षं घेतेय, फक्त मेलची कार्डं, फक्त एकट्या मला विकलेली. कारण कार्डावर त्या माणसाची सही असते, अक्षर असतं, मी दारात उभी राहून ते त्यांना दाखवते, "हे तुम्ही पाठवलंत ना?" आठवत नाही म्हणाले तर कार्ड त्यांच्या हातात देते आणि निघते. शिवाय कार्डावरचं छापील वाचा, सरकारी वाटेल असं काही असलं तर ते कार्ड मी घेत नाही, चांगलं उत्तर येत असलं तरी.

पॉलिसी टिकायचं म्हणाल तर ते आत गेल्यावर ठरतं. मी किचन टेबलवर सगळ्या औषधांच्या बाटल्या मांडायला सांगते आणि एकेक नाव लिहून घेते. नुसती बीपीची लिसिनोप्रिल आणि शुगरची मेटफॉर्मिन असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण कव्हर देणारी कंपनी बहुधा मिळते, घरी ऑक्सिजनचं मशीन दिसलं तर गॅरंटीड इश्यूकडे, म्हणजे तब्येतीचे प्रश्न न विचारता मिळणाऱ्या पॉलिसीकडे, जावं लागतं आणि तिथे पहिली दोन वर्षं नैसर्गिक मृत्यूला पूर्ण रक्कम नाही, भरलेले हप्ते थोड्या व्याजासकट परत, हे मी दोनदा सांगते आणि लिहून देते. दुसरं, हप्त्याची तारीख. सोशल सिक्युरिटीचे पैसे जन्मतारखेप्रमाणे येतात, १ ते १० ला जन्म असेल तर दुसऱ्या बुधवारी, ११ ते २० तिसऱ्या, पुढचे चौथ्या, आणि मे १९९७ च्या आधीपासून घेणाऱ्यांना ३ तारखेला. हप्ता त्याच दिवशी लावा. एजंट सगळ्यांना एक तारीख लावतात, खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि मग टॅम्पा म्हणतो तसं पॉलिसी सुटते.

टॅम्पाची_वाट

ताई, तुमच्यासारखं काम सगळे करत असते तर मी वाद घातला नसता. माझं भांडण नवीन पोरांना ज्या पद्धतीने लीड्स गळ्यात मारतात त्याच्याशी आहे. अपलाइन, म्हणजे ज्याच्या हाताखाली काम करायचं तो वरचा एजंट, म्हणतो लीड्स फुकट देतो, आणि कमिशन १०० च्या ऐवजी ५० टक्के. म्हणजे वरच्या हिशेबात आगाऊ २,१६० चे झाले १,०८०. ८०० च्या फुकट लीड्ससाठी पहिल्याच आठवड्यात त्याने १,०८० ठेवून घेतले, आणि जितकं जास्त विकाल तितकी ती लीड महाग पडते. दुसरीकडे उधारीवर लीड्स देतात, कमिशनमधून कापतात, चार्जबॅक आले की खातं उणे, आणि ते उणे व्हेक्टर वनच्या, म्हणजे कंपन्यांचे पैसे थकवलेल्या एजंटांच्या, यादीत गेलं की दुसरी कंपनी काँट्रॅक्ट देताना दहा प्रश्न विचारते. सोडून जायचं म्हटलं तर रिलीज, म्हणजे दुसरीकडे जायची परवानगी, देत नाहीत. हे सगळं सही करायच्या आधी वाचायचं असतं, आणि कोणी वाचत नाही.

ओहायोतला_सातारकर

उधारीचं मान्य, शंभर टक्के. स्वतःच्या खात्यात दोन महिन्यांचा घरखर्च आणि चार आठवड्यांच्या लीड्सचे पैसे असल्याशिवाय पूर्णवेळ यात उतरू नये, तोवर नोकरी सांभाळून शनिवार-रविवार करावं. पण विकत घेऊच नका हे मला अजूनही पटत नाही. टॅम्पा, तुम्ही राहता तिथे चर्च आहे, सेंटर आहे, माणसं तुम्हाला ओळखतात. माझ्याकडे अर्ध्या तासाच्या अंतरावर एकेक घर, लोकांनी माझा चेहरा कधी बघितलेला नाही, आणि ते कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नाही.