राजाला नवरा दिलात, गादी कुणाला देणार?

शाईचा डाग (धागाकर्ता)

सध्या एक पोस्ट बरीच फिरते आहे. म्हणणं थोडक्यात असं: ड्रॅगन कल्पिता येतात तर समलिंगीद्वेष नसलेलं जगही कल्पिता येतं, तेव्हा आजही फँटसीत चोरून प्रेम करणारे, घराबाहेर काढलेले नायक लिहिणारा लेखक आळशी. खाली वाहवांचा खच. माझं उत्तर तिथे मावेना, म्हणून हा धागा.

मला आळस दिसतो तो द्वेष काढून टाकणाऱ्यांत, कारण बहुतेक जण तो एका वाक्यात काढतात. नेहमीचं सरंजामी जग जसंच्या तसं उचलायचं: थोरल्या मुलाला गादी, धाकटा मठात, मुलगी तहात द्यायची, औरस-अनौरस हा कथानकाचा कणा. मग युवराजाचं लग्न सेनापतीच्या मुलाशी लावायचं आणि दरबारात कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. हलायला हवी की! द्वेषाने नव्हे, हिशेबाने. वारस म्हणजे लग्नातून झालेलं पोटचं मूल असा नियम असेल, तर या लग्नाने शेजारच्या राजांना गादीवर हक्क सांगायची वाट मोकळी झाली. लेखकाने भिंत पाडली, पण तिच्यावरचं छप्पर हवेत तसंच ठेवलं.

आणखी एक हमखास घोळ. अशा जगात 'अनौरस' ही शिवी तशीच राहते, नवरीच्या कौमार्याची चौकशी तशीच होते. दुसऱ्या भागात संघर्ष कमी पडला की डोंगरापलीकडे एक 'रानटी' देश उगवतो आणि सगळा द्वेष तिकडे रवाना होतो.

हे नीट जमतं, याचा पुरावा १९६९ सालचा आहे. उर्सुला ले ग्विन या अमेरिकी लेखिकेच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीतली माणसं २६ ते २८ दिवसांच्या चक्रातले २१-२२ दिवस लिंगविरहित असतात, उरलेल्या दिवसांत स्त्री किंवा पुरुष, कुठलंही होऊ शकतात. इथे बरेच जण थांबले असते. बाईंनी पुढचा प्रश्न सोडवला: वंश जन्म देणाऱ्याकडून मोजायचा. म्हणून तिथे राजाच गरोदर असतो आणि ते कायदेशीरदृष्ट्या चोख बसतं.

निशाचरी

ड्रॅगन रोज किती गुरं फस्त करतो आणि ती कुठून येतात, हे कधी विचारलंत? नाही ना? मग हिशेबाची वही फक्त दोन पुरुषांचं लग्न लागलं की कशी हो उघडते?

अशा प्रेमकथा शोधणाऱ्या वाचकाने काय वाचून दिवस काढलेत ते आठवा. १८७२ची 'कार्मिला' ही कथा घ्या. बाईवर जीव लावणारी व्हॅम्पायर, म्हणून छातीत खुंटी, वर शिरच्छेद, वर जाळून राख नदीत. एवढा बंदोबस्त! पुढेही कितीतरी वर्षं तोच शिरस्ता: प्रेम कबूल केलं की दोन प्रकरणांत पात्र खलास. त्या वाचकाला एक पुस्तक असं हवं आहे जिथे कुणी मरत नाही आणि कुणी तोंड वाकडं करत नाही. तो विसावा आहे, आळस नव्हे.

आणि ले ग्विन आणल्याच आहेत तर पूर्ण आणा. त्या कादंबरीवरच्या स्वतःच्या १९७६च्या निबंधाला १९८७ साली त्यांनी स्वतःच टिपा जोडल्या आणि कबूल केलं की त्या लोकांना विनाकारण भिन्नलिंगी जोड्यांत डांबून ठेवलं. तुमच्या 'चोख' जगात समलिंगी जोडी नाहीच. वारसाहक्क मात्र झकास.

शाईचा डाग

त्या टिपा वाचल्या आहेत. वारसाहक्क चोख होता एवढंच म्हणालो, परिपूर्ण जग म्हणालो नाही.

तिरकस कोन

गादीच्या प्रश्नाचा एवढा बाऊ कशाला? दत्तक घ्या. रोमने केलं की. नर्व्हा बादशहाने इ.स. ९७ साली ट्रेजनला दत्तक घेतलं आणि तिथून साखळी सुरू झाली. ट्रेजननंतरचा बादशहा हेड्रियन, त्याचं अँटिनूस या तरुणावरचं प्रेम जगजाहीर होतं, त्याने साम्राज्य कोसळलं नाही. हेड्रियनने नेमलेला पहिला वारस १ जानेवारी १३८ला वारला. २५ फेब्रुवारीला त्याने अँटोनायनसला दत्तक घेतलं, तेही या अटीवर की त्याने लगेच मार्कस ऑरेलियस आणि ल्यूशियस व्हेरस यांना दत्तक घ्यावं. दोन महिन्यांच्या आत पुढच्या दोन पिढ्यांची सोय. पोटच्या पोराला वयात यायलाच पंधरा-सोळा वर्षं लागतात.

शाईचा डाग

साखळी सांगितलीत, ती तुटली कुठे ते गाळलंत. या बादशहांना जगलेला मुलगा नव्हता, म्हणून दत्तक. मार्कस ऑरेलियसचा मुलगा जगला आणि १८० साली गादी त्या मुलाला, कॉमोडसला मिळाली. पुढे त्याने राज्याची कशी वाताहत केली ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे दत्तक ही अडचणीतली तजवीज होती, मूल्य नव्हतं. आणि हेड्रियनला राणी होती, सबिना. अँटिनूस १३०मध्ये नाईलमध्ये बुडाला, हेड्रियनने त्याला देव केलं, त्याच्या नावाने शहर वसवलं. नवरा केलं नाही.

तुमच्या उदाहरणातून सिद्ध होतं ते एवढंच की राजाचं प्रेम आणि राजाचं लग्न ही दोन खाती वेगळी ठेवली की राज्य चालतं. आपण बोलतोय ती खाती एक करण्याबद्दल.

तिरकस कोन

मग खातीच बदला. घानातल्या असांतेंची गादी आईच्या वंशातून चालते. राजाची स्वतःची मुलं वारस नसतात, आणि नवा राजा सुचवण्याचा अधिकार राजमातेचा. अशा जगात राजा कुणाबरोबर निजतो याला राजकीय किंमत किती? शून्य. एका नियमात तुमचं छप्पर सावरलं. फक्त लक्षात ठेवायचं की आता खरा दबाव राजाच्या बहिणींवर येतो. मुलं त्यांना व्हायला हवीत. बहीणच समलिंगी असेल तर? तिथे लिहा की तुमचं चोरून प्रेम.

शाईचा डाग

हा मुद्दा झकास आहे. मूळ पोस्टवाल्यांना कळवा.

कृष्णविवर

गादीबिदी सोडा. पॅरानॉर्मलमध्ये, म्हणजे व्हॅम्पायर-लांडग्यांच्या प्रेमकथांत, याहून मोठा रोग आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही: लांडगे होणारी माणसं. दोन पुरुष, एक 'अल्फा' म्हणजे कळपाचा म्होरक्या, वास आला की 'विधिलिखित जोडीदार', झालं. संमतीचा प्रश्न नाही, ओळख पटण्याची घालमेल नाही, घरच्यांना सांगणं नाही. नियतीने सही केली, आता कळपानेही मान्य करायचं. हे प्रेम आहे की बदलीचा हुकूम?

शिवाय 'अल्फा'च मुळात चुकीचा. ती कल्पना १९४७ साली शेंकेल या संशोधकाने कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून मांडली. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेक याच्या १९७०च्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली आणि त्याच मेकने १९९९मध्ये शोधनिबंध लिहून खोडून काढली. जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. तुमचा अल्फा म्हणजे कुणाचा तरी बाप. आता ती प्रेमकथा परत वाचून दाखवा.

काजवा

कृष्णविवर यांना कुणीतरी ओमेगाव्हर्स दाखवा. माणसं जन्मतःच अल्फा किंवा ओमेगा असतात असं ते कथाविश्व, २०१०च्या आसपास फॅनफिक्शनमध्ये (चाहत्यांनी लिहिलेल्या कथांत) जन्मलं, तिथे पुरुष ओमेगाला मूल होतं. म्हणजे शाईडाग यांचा वारसही मिळाला, तोही औरस. (पळतो.)

कृष्णविवर

पळा. द्वेष काढला आणि त्या जागी जन्मजात उतरंड बसवली. जो ओमेगा जन्मला त्याने ओमेगासारखंच राहायचं.

निशाचरी

काही चांगले लेखक त्याच उतरंडीविरुद्ध लिहितात. पण वाचायचंच नाही असं ठरवलं असेल तर इलाज नाही. आणि शाईडाग, विसाव्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. सोयीस्कर मौन.

शाईचा डाग

मौन नाही, पाळी आली नव्हती. प्रत्येक वाचक जखमी आणि प्रत्येक पुस्तक मलम, ही भूमिका मला पटत नाही. मलम विकायचं तर वेष्टनावर तसं लिहा.

निशाचरी

ज्याला जखम नाही त्याने मलमाचा भाव ठरवू नये.

उंबरठा

भांडण चालू द्या, पण नेहमीप्रमाणे सगळं दोन राजपुत्रांवर अडकलं आहे. पारलिंगी पात्र आणा, मग कळेल कुठल्या जगाची बांधणी पोकळ आहे.

नेहमीची पळवाट: चेटकीण, एक काढा, सकाळी नवं शरीर. इथे दोन गोष्टी फसतात. देह असा स्वस्तात कायमचा बदलत असेल तर हेरगिरी, तोतये, फरारी कैदी सगळंच बदलायला हवं. कथेत मात्र तो काढा एकाच पात्राला मिळतो आणि मग कुणाला आठवतही नाही. दुसरं, एका घोटात 'बरी' झालेली व्यक्ती पुढच्या पानापासून पारलिंगी उरतच नाही, लेखक सुटतो.

मात्रा ठरवा. दर पौर्णिमेला एक, तीन चुकल्या तर शरीर हळूहळू उलट फिरू लागतं. मुळी एकाच दरीत उगवते, काढा एकच मठ करतो. आता शहराला पाच महिन्यांचा वेढा घाला. कुणी एक शब्द द्वेषाचा बोललेलं नाही, तरी त्या पात्राच्या जिवाची तगमग खरी आहे. मठाला काय हवंय, कोठारात किती कुप्या उरल्यात, राणीने सैनिकांचं औषध आधी आणायचं ठरवलं तर काय, यावर कादंबरी उभी राहते.

आणि गादीचंच वेड असेल तर हे घ्या: थोरल्या मुलाला गादी हा नियम, आणि थोरली व्यक्ती सतराव्या वर्षी सांगते की मी मुलगी आहे. काका दुसऱ्या दिवशी पंचांपुढे उभा. त्याच्या मनात द्वेष नाही हो, पुतणीवर मायाच आहे. त्याला फक्त गादी हवी आहे. उलट दिशेनेही करून बघा: थोरली 'मुलगी' म्हणून बाजूला ठेवलेला आता मुलगा आहे, आणि धाकट्या भावाचा राज्याभिषेक होऊन सहा वर्षं झालीत.

तिरकस कोन

+१. पंच काय म्हणतील? जन्माची तारीख धरायची की जाहीर केल्याची?

उंबरठा

जन्माची धरली तर सहा वर्षांतले सगळे हुकूम, दानपत्रं, तह संशयात. जाहीर केल्याची धरली तर दर पिढीला गादीच्या आशेने खोट्या घोषणा होणार अशी ओरड काकापक्ष करणार. ती ओरड खोटी असली तरी दरबारात चालेल. मी असते तर निकाल लांबवला असता.

शाईचा डाग

हे मला हवं होतं. द्वेष नाही आणि जग लुळंही नाही. निशाचरी, तुमचा विसावा यात बसतो का?

निशाचरी

वेढा आणि संपत आलेल्या कुप्या यात विसावा? धन्य आहात. पण ठीक, छप्पर टेकायला काहीतरी हवं, एवढं एक तुमचं मान्य. फक्त त्याला तुमचे परिच्छेद लागत नाहीत. ही दोन वाक्यं पहिल्या प्रकरणात टाका:

"राजाने बहिणीच्या तिन्ही मुलींना समोर बसवलं आणि शिक्का मधलीच्या हातात दिला. धाकट्या राजपुत्राचं लग्न त्याच संध्याकाळी ठरलं, कारण त्याने कुणाचाही हात धरला तरी आता कुणाचं काही अडत नव्हतं."

झाला वारसाहक्क. उरलेलं पुस्तक त्यांना खुशाल चुंबनं घेऊ द्या.

शाईचा डाग

वाक्यं चांगली आहेत, मुकाट्याने कबूल करतो. पण शिक्का मधलीला? थोरली गप्प बसेल?

निशाचरी

नाही बसणार. पुढची चारशे पानं तिचीच आहेत, आणि ती तिच्या बायकोसकट येणार आहे.