काळ्या मातीचा रंग आणि मुरूम
काळी माती सेंद्रिय खतामुळेच काळी असते, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्याही आत असतो. तिचा सगळा खेळ चिकणमातीचा. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीचा कडा बघा: वर वीतभर माती, खाली मुरूम (अर्धवट कुजलेला खडक), मग कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे (हाताने निघतात!), आणि तळाला अखंड बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

हा खडक कुजून मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज तयार होतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. पुण्याजवळच्या मांजरी गावात आमच्या कुंपणभिंतीचा पाया ठेकेदाराने मुरमापर्यंत नेलाच नाही, काळ्या मातीतच ठेवला. मेमध्ये भिंतीच्या भेगेत बोट जातं, ऑगस्टमध्ये भेग गायब. दोनदा सिमेंट भरून झालं.