चेक इंजिनचा दिवा विझतच नाही: बदल केलेल्या गाड्यांचे अनुभव सांगा

पुण्यात गाडीला हात लावल्याशिवाय न राहणाऱ्यांची कमी नाही. कोणी कोन फिल्टर (शंकूसारखा हवेचा फिल्टर) घातलाय, कोणी सायलेन्सर बदललाय, कोणी बाहेरून सीएनजी बसवून घेतलंय, कोणी डिझेलचा रीमॅप मारलाय, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदललंय. मग एक दिवस मीटरमध्ये तो पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावायचा, बिघाडाचा कोड उडवायचा, चांदणी चौक ओलांडेपर्यंत दिवा परत हजर. सेन्सर नवा टाकला तरी हजर.

अशा चिवट कोडचे अनुभव इथे लिहा. गाडीचं साल, काय बदल केले होते, कोणता कोड आणि शेवटी काय निघालं, एवढं जरूर सांगा. गॅरेजची, दुकानांची नावं नकोत. भांडणं लागतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, ही माझी एक विनंती. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम किती, लोड किती, पाणी किती तापलेलं, हे सगळं त्यात असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. दुसरं म्हणजे, आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये सांगायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत कोड वाचायचा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल काही बोलला नाही, तर लगेच डोंगलला शिव्या घालू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, तेल लावायचा कोन फिल्टर. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड परत आला. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते, बघायला लागलो. गाडी उभी असताना लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने सवय म्हणून साठवलेला) चारच्या आसपास, पण वारज्याहून कात्रजकडे बायपासला दाबून चालवली की वीसच्या वर. गोम इथेच आहे. कुठे व्हॅक्यूम लीक असती तर उलटं झालं असतं. स्लोवर ट्रिम जास्त आणि रेस दिली की कमी, कारण फटीतून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. लोडबरोबर ट्रिम वाढतोय म्हणजे एअर फ्लो सेन्सरच (एमएएफ) हवा कमी मोजतोय. फिल्टरचं तेल त्याच्या तारेवर बसलं होतं. एमएएफ क्लीनरने धुतल्यावर ट्रिम खाली आला, फिल्टरला पुन्हा तेल लावल्यावर परत चढला. आता कंपनीचा एअरबॉक्स लावलाय. आवाज गेला, दिवाही गेला. (ज्यांच्या गाडीत एमएएफ नाही, नुसता मॅप (हवेचा दाब मोजणारा) सेन्सर आहे, त्यांना हे लागू नाही. आधी बॉनेट उघडून बघा.)

हडपसर, पेट्रोल गाडीला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी

आमचा दिवा फक्त पेट्रोलवर पेटायचा. गॅसवर चकाचक. त्यामुळे जो तो पेट्रोल इंजेक्टरच्या मागे. कोड पी०१७२, म्हणजे पेट्रोल जास्त.

झालं होतं असं. सिक्वेन्शियल किट स्वतःचं डोकं फार चालवत नाही. गाडीचा ईसीयू पेट्रोलसाठी इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, किट त्या वेळेला आपल्या नकाशातल्या (सेटिंगच्या तक्त्यातल्या) आकड्याने गुणून गॅस सोडतं. तो आकडा कमी बसवला होता. गॅस कमी पडतोय म्हणून ईसीयू वेळ वाढवत गेला आणि तीच सवय लाँग टर्म ट्रिममध्ये साठवून बसला. पेट्रोलवर टाकली की आधीच्या सवयीने पेट्रोल जास्त. सकाळी स्टार्ट केल्यावर पेट्रोलचा वास यायचा तो ह्याचाच.

उपाय लॅपटॉप लावून. गाडी गरम करायची, पेट्रोलवरचा इंजेक्शन टाइम बघायचा, मग गॅसवर टाकून तोच टाइम जवळपास तेवढाच राहील असा नकाशा बसवायचा. स्लोवर एकदा आणि लोडवर एकदा. नुसतं पार्किंगमध्ये रेस देऊन कॅलिब्रेशन करून देणाऱ्याकडे जाऊ नका. शेजारी बसून सोलापूर रोडला चक्कर मारणारा माणूस शोधा. गॅसचा लो प्रेशर फिल्टरही त्याच वेळी बदलून घ्या, आमचा काळाकुट्ट निघाला.

आणि आरसीवर सीएनजीची नोंद, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), हे विसरू नका. रांगेत तासभर थांबल्यावर पंपावाल्याने परत पाठवलं की कळतं.

सिंहगड रोड

फ्री फ्लो सायलेन्सर बसवला, त्याच महिन्यात पी०१३५. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. सगळे म्हणाले सायलेन्सरमुळे. उंदराने वायर खाल्ली होती! सोसायटीत नदीच्या बाजूला पार्किंग आहे, बाकी काय सांगू. तंबाखूची पानं ठेवून पाहिली, उंदीर पुणेरीच निघाला, दाद देत नाही.

भोसरी, ऑटो इलेक्ट्रिशियन

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे माझी नाही, गिऱ्हाइकाच्या गाडीची गोष्ट. सेडान, पुढे स्ट्रट बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा दांडा) टाकलेला, बाकी इंजिन कंपनीचंच. एकदम तीन कोड: पी०१०७, पी०१२२, पी०५३२. मॅप सेन्सर लो, थ्रॉटल पोझिशन लो, एसीचा प्रेशर सेन्सर लो. माणूस माझ्याकडे आला तेव्हा मॅप आणि थ्रॉटल दोन्ही नवे टाकून आला होता, तिसरा ऑर्डर करणार होता.

तीन सेन्सर एका दिवशी जात नाहीत हो. तिन्ही कोडमध्ये 'लो' आहे, हे आधी बघायचं. ह्या तिघांना ईसीयूकडून पाच व्होल्टचा रेफरन्स जातो आणि ह्या गाडीत तो एकाच लाइनवरून होता. ती लाइन कुठे बॉडीला लागली की तिघांचंही व्होल्टेज बसतं. इग्निशन ऑन, इंजिन बंद, मल्टीमीटर लावला. पाचाच्या जागी दीड. एकेक कपलर काढत गेलो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर त्याचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले असते. तिन्ही काढले तरी दीडच. म्हणजे सेन्सर तिन्ही चांगले, बिघाड वायरमध्ये.

हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत गेलो. स्ट्रट बारची ब्रॅकेट बसवताना हार्नेसची मूळची क्लिप तोडून तो थोडा खाली ढकलला होता. ब्रॅकेटच्या बोल्टचं टोक बरोबर त्यावर. काळी टेप वरून नुसती चमकलेली दिसत होती, झिजून पातळ होते तशी. टेप सोडली तर आतल्या एकाच वायरचं इन्सुलेशन नखाएवढं गेलेलं आणि तांब्यावर बोल्टच्या आट्यांचे तीन बारीक ओरखडे. इंजिन हललं की टेकायचं, कधी सुटायचं. म्हणूनच गिऱ्हाइकाला वाटायचं, कोड उडवला की दोन दिवस बरं असतं. सोल्डर केलं, हीट श्रिंक घातली, हार्नेस मूळच्या जागी नवीन क्लिपने बांधला. जुने सेन्सर त्याच्या डिकीत होते, तेच परत लावून दिले. नवे दोन बाजारातले डुप्लिकेट होते, त्यांचा भरवसा नव्हता.

अर्थसुद्धा बघत जा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला. पॉइंट एक व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून घासा. ॲम्प्लिफायर बसवणारे लोक अर्थ कुठेही स्क्रू मारून घेतात आणि त्रास सेन्सरला होतो.

वाकड, २०१५ची डिझेल, सेकंडहँड

आधीच्या मालकाने रीमॅप केलेली गाडी मी घेतली. स्वस्तात मिळाली, का ते नंतर कळलं. दोन कोड आलटून पालटून: पी०२९९ टर्बोचा बूस्ट कमी, आणि पी०४०१ ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सोय) वायू पुरेसा जात नाही.

पहिला कोड फक्त खंबाटकीच्या चढाला यायचा. गाडी लिम्प मोडमध्ये (ईसीयू ताकद कमी करतो), मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न. शहरात कधीच नाही. फ्रीझ फ्रेममध्ये दर वेळी लोड जास्त, आरपीएम मधले. टर्बो गेलाय, नवा टाका, असं दोन ठिकाणी सांगितलं. वरच्या भोसरीच्या दादांसारख्याच एका फिटरने इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणारा) पाइप आधी बघितले. रीमॅपबरोबर सिलिकॉनचा निळा पाइप बसवलेला, त्याच्या क्लॅम्पखाली तेलाचा ओघळ. जास्त दाब आला की पाइप क्लॅम्पमध्ये किंचित सरकायचा आणि हवा बाहेर. पाइपाचं तोंड तेलकट असताना क्लॅम्प कितीही आवळा, सरकणारच. पुसून कोरडं केलं, चांगला टी-बोल्ट क्लॅम्प लावला, प्रश्न संपला.

दुसऱ्या कोडसाठी ईजीआर व्हॉल्व्ह काढला तर मागे पत्र्याची चकती! भोकच बंद करून टाकलेलं. ईसीयू व्हॉल्व्ह उघडतोय, हवेच्या मापात फरक पडत नाहीये, म्हणून कोड. ज्याने चकती घातली त्याने सॉफ्टवेअरमध्ये ईजीआर बंद केला नव्हता. मला काही जणांनी सुचवलं की आता तोही बंद करून घ्या, कोड कायमचा जाईल. मी चकती काढली, व्हॉल्व्हची काजळी साफ केली, रीमॅपही मूळचा करून घेतला. कोड लपवण्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. आणि नायट्रोजन ऑक्साइड शेवटी आपल्याच गल्लीत सुटतात.

सदाशिव पेठ

वरील वाकडच्या ताईंशी सहमत. चिरंजीवांनी हेडर (इंजिनाला लागून असलेला धुराचा पाइप) बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) 'जड असतो' म्हणून माळ्यावर ठेवला. पी०४२० आला, म्हणजे कन्व्हर्टर काम करत नाही. मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावा म्हणजे दिवा जातो, असा सल्ला मिळाला. मी विचारलं, कन्व्हर्टर नाही हे सांगणारा सेन्सर नादुरुस्त कसा? उत्तर आलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) वाचायला दिलं. कन्व्हर्टर माळ्यावरून उतरला, गाडीला लागला, दिवा गेला.

ज्यांचा कन्व्हर्टर जागेवर आहे आणि तरी कोड येतो, त्यांनी हेडरची गॅस्केट बघावी. पुढच्या सेन्सरच्या आधी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. गार इंजिन चालू करून फट शोधावी. गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजते आणि टकटक ऐकू येत नाही.

कोथरूड, जुन्या जीपमध्ये एमपीएफआय (ईसीयूवर चालणारं) पेट्रोल इंजिन

आरटीओच्या परवानगीची कथा वेगळी आणि लांब आहे, ती सोडून देतो. इंजिन बसलं, ईसीयू बसला, गाडी पळाली. पण पी०५००, गाडीचा वेग कळत नाही. मी म्हटलं राहू दे एक कोड, मला मीटरवर वेग दिसतोय ना! पण सिग्नलला येताना न्यूट्रल केली की बंद पडायची. कर्वे रोडला दर चौकात. गाडी चालत्येय की उभी आहे हे ह्या ईसीयूला वेगावरून कळतं आणि त्यावर स्लो धरायचं गणित असतं. जुन्या गिअरबॉक्सला नुसती स्पीडोची केबल, सेन्सर नाहीच.

केबलच्या मध्ये बसणारा हॉल सेन्सर (फेऱ्यांचे पल्स देणारा) घातला. तो चालला पण वेग निम्मा दाखवायचा, कारण एका फेऱ्यात ईसीयूला हवे तेवढे पल्स तो देत नव्हता. योग्य पल्सचा घेतला तेव्हा कुठे कोड गेला आणि चौकात बंद पडणंही. जुन्या गाडीत नवं इंजिन टाकणाऱ्यांनी आधी गाडीकडून ईसीयूला काय काय लागतं त्याची यादी करावी. बाकीचं वेल्डिंग नंतर.

हिंजवडी, २०१६ पेट्रोल, हेडर बदललेला

माझं अजून सुटलेलं नाही, म्हणून लिहितोय. पी०३३५, क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचे फेरे ईसीयूला सांगणारा. गार असताना कधीच नाही. ट्रॅफिकमध्ये तासभर रखडून पेट्रोल पंपावर बंद केली की दहा-पंधरा मिनिटं स्टार्ट होत नाही, स्टार्टर मारताना टॅकोमीटरची सुई जागची हलत नाही. सेन्सर कंपनीचाच नवा टाकलाय. हेडर सेन्सरच्या बऱ्यापैकी जवळून जातो.

भोसरी, ऑटो इलेक्ट्रिशियन

साहेब, सुई हलत नाही म्हणजे सिग्नलच येत नाहीये. सेन्सरला वायर किती आहेत? दोन असतील तर कॉइलचा रेझिस्टन्स गार असताना आणि बंद पडल्यावर लगेच, दोन्ही वेळा मोजा. तीन असतील तर रेझिस्टन्स मोजू नका, फीड आणि सिग्नलचं व्होल्टेज बघा. आणि सेन्सरपेक्षा त्याची वायर हेडरपासून किती लांब आहे ते बघा, कपलरच्या मागचा वीतभर भाग. मऊ पडलीय का, दाबून बघा.

हिंजवडी

तीन आहेत. वायरला कंपनीची जाळी होती, हेडर बसवल्यावर ती दिसत नाहीये. शनिवारी ताम्हिणीपर्यंत जाऊन, येताना ट्रॅफिकमध्ये तापवून मोजतो आणि आकडे इथे टाकतो.