इंधनाची दरवाढ आणि घरखर्च : काटकसर नेमकी कुठे करावी?

येलदरीकाठ (१२ जून २०२२)

आमचे घर जिंतूर तालुक्यातील एका खेड्यात आहे आणि यजमानांची नोकरी परभणीत एका खासगी कार्यालयात आहे. गेल्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, तेव्हापासून ते मोटारसायकलने जातात. रोजचे जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतात, गाडी लिटरला पन्नासच्या आसपास पळते, म्हणजे महिन्याला साधारण चाळीस लिटर पेट्रोल लागते. २२ मार्च ते ६ एप्रिल या पंधरा-सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये वाढले, तेव्हा एवढ्यानेच महिन्याला चारशे रुपये जास्त जाऊ लागले. मे महिन्यात केंद्राने कर कमी केल्यामुळे थोडा दिलासा मिळाला, पण सिलिंडर त्याच महिन्यात हजारावर गेला आणि तो दिलासा स्वयंपाकघरातच संपला. पगार मात्र दोन वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे.

घरात आम्ही पाच माणसे आहोत : आम्ही दोघे, सासूबाई, नववीतील मुलगी आणि पाचवीतील मुलगा. आजवर आम्ही पुढीलप्रमाणे काटकसर केली आहे. आठवडी बाजार सोडून मध्येच जिंतूरला जाणे बंद केले. सासूबाईंना रक्तदाब आणि साखर आहे, त्यांना दर महिन्याला परभणीला दाखवायला नेत होतो, ते आता दोन महिन्यांनी नेतो. मुलीचा जिंतूरचा संगणकाचा क्लास थांबवला, कारण संपाच्या काळात काळीपिवळीवाल्यांनी भाडे वाढवले ते अजून उतरवलेले नाही. अक्षय्य तृतीयेला मी माहेरी जात असते, या वर्षी गेले नाही. आंघोळीचे पाणी चुलीवर तापवतो, त्यामुळे सिलिंडर आठ-दहा दिवस जास्त पुरतो. एवढे करूनही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किराणा दुकानात उधारी राहते.

पेट्रोल आणि गॅस यांचा हिशेब मला समजतो, पण डाळ, तेल, भाजी, वह्या या सगळ्यांतून इंधनाची वाढ किती येते हे वहीत कसे धरावे? विजेवरची स्कूटर हप्त्याने घ्यावी, असे यजमानांच्या मनात आहे, तर परभणीत खोली करून राहावे असे धाकटे दीर म्हणतात. तुमच्यापैकी कोणी असे काही केले असेल, तर कृपया सविस्तर सांगावे.

हिशेबनीस

ताई, तुम्ही मांडणी नीट केली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. प्रथम दराविषयी सांगतो, कारण तो किती खाली येईल या आशेवर अंदाजपत्रक बसवता येत नाही. मार्च २०२० मध्ये मुंबईत पेट्रोल ७५ रुपयांच्या आसपास होते. त्यानंतर कच्चे तेल टाळेबंदीत कमालीचे स्वस्त झाले, पण केंद्राने उत्पादन शुल्क वाढवल्यामुळे ती स्वस्ताई पंपापर्यंत पोचली नाही. पुढे तेल महागले, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि ६ एप्रिलला मुंबईचा दर १२०.५१ रुपये झाला. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवर ५ व डिझेलवर १० रुपये आणि २२ मेपासून पेट्रोलवर ८ व डिझेलवर ६ रुपये शुल्क कमी केले, तरी आज, जून २०२२ मध्ये, मुंबईत १११.३५ रुपये द्यावे लागतात. राज्याचा पेट्रोलवरील कर टक्केवारीने असतो, म्हणून मूळ दर वाढला की करही आपोआप वाढतो, आणि त्यावर या वर्षी लिटरमागे १० रुपये १२ पैशांचा वेगळा अधिभार आहे.

परभणीत दर मुंबईपेक्षाही जास्त का, असे लोक नेहमी विचारतात. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत या वर्षी (२०२२) कराचा दर २६ टक्के आहे आणि आपल्याकडे २५, तरीही आपले पेट्रोल महाग पडते, कारण ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने तीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता कापून येते. तो टँकरही डिझेलवरच चालतो. म्हणजे ज्या जिल्ह्यात पगार कमी आणि अंतरे जास्त, तिथेच दरही सर्वांत चढे, आणि हा अन्याय कोणी गांभीर्याने घेत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

आता वहीविषयी. आपल्याकडे बहुतेक जण पंपावर 'शंभराचे टाक' असे सांगतात. पूर्वी त्या शंभरात लिटरभर येऊन वर थोडे उरत असे, आता लिटरही भरत नाही, पण खिशातून दरवेळी शंभरच जात असल्यामुळे वाढ लक्षात येत नाही. फक्त पंपावरच्या फेऱ्या वाढतात. म्हणून रुपयांऐवजी लिटरमध्ये भरावे आणि दरवेळी मीटरचे किलोमीटर लिहून ठेवावेत. दर आपल्या हातात नाही, लिटर आहेत. असे लिहिले की अॅव्हरेजमधील घट लगेच वहीत दिसते आणि टायरमधील हवा, साखळीचे तेल आणि एअर फिल्टर यांकडे लक्ष देऊन ती दुरुस्तही करता येते.

अप्रत्यक्ष वाढीचा पैशापर्यंतचा हिशेब घरगुती वहीत निघणार नाही आणि त्याची गरजही नाही. खाद्यतेलाचेच पाहा : त्यात वाहतूक आहे, पण युक्रेनमधून येणारे सूर्यफूल तेल अडले आणि इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, हे त्याहून मोठे कारण होते. तेव्हा किराण्याच्या एकूण बेरजेपेक्षा दहा-बारा नेहमीच्या वस्तूंचा दर दरमहा एकाच दिवशी लिहावा, म्हणजे कोणती वस्तू चढली आणि चढून तिथेच थांबली हे कळते. भाडे आणि मजुरी यांतली वाढ सहसा परत फिरत नाही, भाजी मात्र वर-खाली होत राहते. उधारी नेहमी पहिल्या प्रकारातून साचते.

आणखी एक. हप्त्याने काही घेणार असाल, तर रिझर्व्ह बँकेने मे आणि जून २०२२ मध्ये मिळून रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून ४.९० टक्क्यांवर नेला आहे, हे लक्षात ठेवा. त्यामुळे या वर्षी बँकांची कर्जे महाग होत चालली आहेत.

काळी माती

मी मानवतकडचा शेतकरी आहे. हिशेबनीस यांनी भाडे परत फिरत नाही असे लिहिले, त्याला शेतातून पुष्टी देतो. आमच्याकडे नांगरणी, वखराची पाळी, रोटाव्हेटर हे सर्व ट्रॅक्टरवाल्याच्या दराने होते आणि तो दर उन्हाळ्यात ठरतो. या वर्षी तो एप्रिलमध्ये ठरला, म्हणजे डिझेल सर्वांत महाग असताना. मे महिन्यात डिझेल उतरले तेव्हा निम्म्या शिवाराची मशागत झालेली होती, आणि उरलेल्यांनी दर कमी करायला सांगितले तर ट्रॅक्टरवाला म्हणाला की माझा हप्ता उतरला का, टायर उतरले का? त्याचेही चुकीचे नाही. पुढे सोयाबीन काढायला यंत्र येईल, माल मोंढ्यात न्यायला टेम्पो लागेल, आणि प्रत्येक ठिकाणी डिझेल माझ्या खिशातून जाईल, पण सोयाबीनचा भाव ठरताना माझे डिझेल कोणी विचारात घेणार नाही. दुकानदार वाढ पुढच्यावर टाकू शकतो, ट्रॅक्टरवालाही टाकू शकतो, शेतकऱ्याला आणि पगारदाराला ती टाकायला पुढे माणूसच नसतो.

बैलजोडी पुन्हा ठेवावी असे काही जण म्हणतात, पण चारा आणि सालगडी यांचा खर्च पाहता लहान शेतकऱ्याला ते जमत नाही. आम्ही चार भावकीतल्या लोकांनी मिळून एकाच ट्रॅक्टरवाल्याला सलग तीन दिवसांचे काम दिले, त्यामुळे त्याच्या रिकाम्या फेऱ्या वाचल्या आणि त्याने दरात थोडी सवलत दिली. ताई, तुमच्या गावातून परभणीला जाणारे आणखी कोणी असतील, तर एका गाडीवर दोघांनी जाण्याने तुमचा खर्च जवळपास अर्धा होईल. खेड्यात हे बोलायला संकोच वाटतो, पण बोलावे.

चुलीविषयी माझे मत वेगळे आहे. आमच्या गावात उज्ज्वलाचे सिलिंडर घराघरात आहेत, आणि तरीही तुराट्या आणि पऱ्हाट्यांच्या गंजी या वर्षी पुन्हा परसात दिसू लागल्या आहेत. पाणी तापवण्यापुरती चूल बाहेर, उघड्यावर असेल तर समजू शकतो, पण पावसाळ्यात ती पडवीत येते, पऱ्हाट्या ओल्या होतात आणि फुंकणीने फुंकत बसणारी बाई धुराने बेजार होते. माझ्या आईला त्या धुराने दमा झाल्याचे मी पाहिले आहे. उन्हाळ्याचे चार महिने पाणी उन्हात ठेवूनही तापते. पावसाळ्यात मात्र चुलीचा आग्रह धरू नये.

सेलूकर

येलदरीकाठ, तुमच्या पत्रातील काटकसरीची यादी मी दोनदा वाचली. सासूबाईंचा दवाखाना, मुलीचा क्लास, तुमचे माहेर, चुलीपुढे बसणे : यांपैकी प्रत्येक कपात घरातल्या बाईच्या वाट्याला आली आहे. यात तुमच्या यजमानांना दोष देण्याचा माझा हेतू मुळीच नाही, ते रोज ऐंशी किलोमीटर ऊन-पावसात गाडी चालवतात. परंतु इंधन महागले की घरात न बोलता एक क्रम ठरतो, की जी फेरी पैसे आणते ती राहते आणि जी आणत नाही ती गळते. पैसे न आणणाऱ्या फेऱ्या म्हाताऱ्यांच्या, मुलींच्या आणि सुनांच्या असतात. माझ्या नात्यात एका मावशींची साखरेची तपासणी अशीच पुढे ढकलली गेली आणि नंतर पायाच्या जखमेवर जो खर्च झाला, त्यात दोन वर्षांचे पेट्रोल आले असते.

म्हणून माझी विनंती अशी की अंदाजपत्रक करताना आधी न तोडण्याच्या फेऱ्या लिहाव्यात. सासूबाईंची परभणीची भेट दर महिन्याला हवी की नाही हे डॉक्टरांनी सांगावे, पेट्रोलने सांगू नये. मधल्या महिन्यातली रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते आणि तिथल्या नोंदी घेऊन परभणीला जाता येते.

दुसरे म्हणजे एसटी. संप एप्रिलमध्ये मिटला, २२ एप्रिलपर्यंत बहुतेक कर्मचारी कामावर परतले, पण लोकांना दुचाकीची सवय लागली ती सुटत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचेही भाडे १७ टक्क्यांहून अधिक वाढले, हे खरे, तरी मासिक पास वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस चालतो आणि त्रैमासिक पास पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस चालतो. तुमचे चाळीस लिटर आणि हा पास एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहा. गाडीची झीज आणि अपघाताची धास्ती वाचते ती वेगळीच. सासूबाई पासष्ट वर्षांच्या पुढे असतील, तर सध्याच्या (२०२२ च्या) नियमाने त्यांना अर्धे तिकीट आहे. मुलीला तर अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेसाठी पास मोफत मिळतो. संपात तो पास असून नसल्यासारखा झाला आणि आमच्या तालुक्यात कितीतरी मुलींची शाळा त्या काळात तुटली. तुमची मुलगी टिकली हे मोठे आहे. आता शाळा सुरू होत आहेत, तिचा पास पहिल्याच आठवड्यात काढून घ्या. क्लासची वेळ शाळेला जोडून मिळाली, तर काळीपिवळीची गरजच उरणार नाही.

वायरमन

विजेवरच्या स्कूटरबद्दल मी स्पष्ट लिहितो. केंद्राच्या अनुदानामुळे या वर्षी (२०२२) किंमत कमी झाली आहे आणि गावातल्या गावात दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याला ती निश्चित परवडते. तुमचे रोजचे ऐंशी किलोमीटर मात्र आजच्या बहुतेक स्कूटरांच्या एका चार्जच्या टोकाला जाऊन भिडतात. कंपनी सांगते तेवढे अंतर दोघे बसल्यावर, खड्ड्यांच्या रस्त्यावर, मराठवाड्याच्या उन्हात मिळत नाही, आणि बॅटरी जुनी होईल तसे ते आणखी घटते. परभणीत कार्यालयात चार्जिंगची सोय मिळाली तरच विचार करावा. एप्रिलमध्ये भारनियमन झाले तेव्हा रात्रीची चार्जिंग अर्धवट राहून सकाळी नोकरीवर पोचता न आलेली माणसे माझ्या माहितीतली आहेत. २०२२ च्या याच उन्हाळ्यात काही ठिकाणी स्कूटरला आगी लागल्याच्या बातम्या आल्या, त्यांची चौकशी सुरू झाली. एक-दोन वर्षे थांबलात तर नुकसान नाही.

येलदरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सेलूकर, तुमचे पत्र मी यजमानांना आणि सासूबाईंना वाचून दाखवले. परभणीत खोली करण्याचा हिशेबही काल मांडला. भाडे, अनामत रक्कम, दुसरा सिलिंडर आणि मुलांच्या शाळा बदलणे हे सर्व धरता तो पेट्रोलपेक्षा बराच वर जातो, त्यामुळे तो विषय सोडला. स्कूटरही आता नाही.

त्रैमासिक पास काढायचे ठरले आहे. अडचण एवढीच आहे की आमच्या गावावरून सकाळी परभणीला जाणारी पहिली गाडी संपापूर्वी वेळेत होती, ती अजून पूर्ववत झालेली नाही, आणि पुढच्या गाडीने गेल्यास कार्यालयात उशीर होतो. तोपर्यंत गाडी जिंतूरच्या बसस्थानकापर्यंत न्यायची आणि तिथून एसटी धरायची, असा मधला मार्ग काढला आहे. गावातले आणखी सहा-सात जण परभणीला जातात. त्या सर्वांच्या सह्या घेऊन आगारप्रमुखांकडे सकाळच्या फेरीसाठी अर्ज द्यायचा आहे. अशा अर्जासोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा लागतो का, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र जोडले तर उपयोग होतो का, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कळवावे.

काळी माती

ठराव सक्तीचा नसला तरी जरूर जोडा, आमच्या गावची फेरी ठरावानंतरच सुरू झाली. मुख्याध्यापकांच्या पत्रात पास असलेल्या मुलींची संख्या आणि शाळा भरण्याची वेळ लिहून घ्या. अर्जाची एक प्रत विभाग नियंत्रकांच्या परभणीच्या कार्यालयात द्या आणि दोन्ही ठिकाणी पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.