ॲजाइलचे प्रमाणपत्र निवडताना परीक्षा पाहावी की प्रशिक्षण?

काठावरचा (धागाकर्ता)

नऊ वर्षे सॉफ्टवेअर चाचणीचे काम केल्यानंतर माझ्याकडे आठ जणांच्या एका टीमची जबाबदारी आली असून, येत्या सहा महिन्यांत ॲजाइल (काम छोट्या टप्प्यांत करून अभिप्रायानुसार बदलत नेण्याच्या) प्रकल्प व्यवस्थापनाचे एखादे प्रमाणपत्र घ्यावे, असे मला वरिष्ठांनी सुचवले आहे. कोणते घ्यावे, हे मात्र माझ्यावर सोडले आहे. निरनिराळ्या प्रमाणपत्रांच्या अटी वाचून माझे एक मत बनले आहे, ते मांडतो. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी कारणांसह खोडून काढावे.

माझे मत असे, की ज्या प्रमाणपत्रासाठी वर्गात बसण्याची सक्ती आहे ते टाळावे आणि जे केवळ परीक्षेवर मिळते ते घ्यावे. स्क्रम ही ॲजाइलची एक चौकट. तिच्यासाठी स्क्रम अलायन्स या संस्थेचे सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला स्क्रम नीट वापरायला मदत करणारा) हवे असेल तर मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा, साधारणपणे दोन दिवसांचा वर्ग पूर्ण करावाच लागतो. त्यानंतर एका तासात ५० प्रश्न आणि त्यांपैकी ३७ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसएम १ ला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, पहिली पातळी) वर्गाची अट नाही, परंतु तेवढ्याच एका तासात ८० प्रश्न असतात आणि ८५ टक्के गुण लागतात. म्हणजे पहिल्या परीक्षेत ५० पैकी १३ चुका चालतात आणि दुसरीत ८० पैकी फक्त १२. शिवाय सीएसएमचे दर दोन वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. पीएसएमला मुदतच नाही. स्क्रम अलायन्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या केन श्वाबर यांनीच २००९ मध्ये स्क्रम डॉट ऑर्ग सुरू केली, हे लक्षात घेतले तर वर्गसक्तीविषयी मनात शंका येणे स्वाभाविक आहे.

सरावाचे प्रश्न सोडवताना माझी फजिती झाली, तीही सांगतो. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) आणि वेलॉसिटी (एका टप्प्यात किती काम पुरे होते ते) हे शब्द आमच्या बैठकांत रोज घोळवले जातात, पण नोव्हेंबर २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या नियमपुस्तिकेत, त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. चालू स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) रद्द करण्याचा हुकूम आमच्याकडे कोणताही वरिष्ठ देऊ शकतो. गाइडनुसार तो अधिकार एकट्या प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे कोणते काम आधी करायचे हे ठरवणाऱ्याचा, आहे. आपण ज्याला इतकी वर्षे स्क्रम म्हणत होतो ते वेगळेच काही होते, हे मला त्या परीक्षेच्या तयारीने शिकवले. हे गाइड अवघ्या १३ पानांचे आहे आणि विनामूल्य मिळते. एवढ्यासाठी दोन दिवसांचा वर्ग कशाला हवा?

फळ्यापाशी

आपली आकडेमोड बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी आधी पीएसएम १ उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर दीड वर्षाने, जरा अनिच्छेनेच, सीएसएमच्या वर्गाला गेले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

डेली स्क्रम ही डेव्हलपरांनी आपल्या कामाची आखणी स्वतः करण्यासाठी घेतलेली रोजची १५ मिनिटांची भेट असते, स्क्रम मास्टरपुढे हजेरी देण्यासाठी नसते, या आशयाच्या प्रश्नाचे उत्तर मी परीक्षेत विनासायास दिले होते. प्रत्यक्षात माझ्या टीममधला प्रत्येक जण माझ्याकडे तोंड करून काल काय केले ते सांगत असे, मी मान डोलावत असे, आणि शेजारी बसलेल्या माणसाचे काम कोठे अडले आहे याची कोणालाच गंधवार्ता नसे. मला नियम ठाऊक होता, पण तो मोडला जात असताना माझ्या शरीराने, नजरेने आणि शांत राहण्याने काय करायचे हे ठाऊक नव्हते. वर्गात आमच्याकडून नेमका हाच प्रसंग वठवून घेतला गेला. प्रशिक्षिकेने मला घोळक्यातून बाहेर काढले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. पहिले मिनिटभर कोणी बोलेना. मग दोघे एकमेकांशी बोलू लागले. ते मिनिट कोणत्याही बहुपर्यायी प्रश्नात बसत नाही.

तेरा पानांत मावलेल्या गोष्टीसाठी दोन दिवस कशाला, हा आपला प्रश्न मला म्हणूनच उलटा वाटतो. लिहिलेले इतके थोडे आहे, की उरलेले सगळे करून पाहूनच शिकावे लागते. एक गोष्ट मात्र कबूल करते: वर्गाचे मोल सर्वस्वी प्रशिक्षकावर अवलंबून असते, आणि दोन दिवस स्लाइड वाचून दाखवणारा प्रशिक्षक वाट्याला आला तर आपले म्हणणे शंभर टक्के खरे ठरते. त्यामुळे संस्थेचे नाव पाहण्याआधी त्या प्रशिक्षकाकडे शिकलेल्या दोघातिघांशी बोलावे.

पुरावा हवा

आपण दोघेही दोन सोप्या परीक्षांची तुलना करत आहात, असे माझे स्पष्ट मत आहे. सीएसएम असो वा पीएसएम १, परीक्षा उमेदवार आपल्याच संगणकावर देतो आणि त्याच्यावर पर्यवेक्षक नसतो. शेजारच्या खिडकीत गाइड उघडे ठेवून दिलेल्या परीक्षेत ८५ टक्के ही मर्यादा ७४ टक्क्यांपेक्षा कठोर दिसते खरी, पण त्यातून वाचनाचा वेग आणि इंग्रजीची समज याखेरीज किती सिद्ध होते, हा प्रश्न उरतोच.

ज्यांनी काही वर्षे काम केले आहे त्यांनी पीएमआय-एसीपीचा (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या ॲजाइल प्रमाणपत्राचा) विचार करावा. त्यासाठी ॲजाइल पद्धतीने काम केल्याचा प्रत्यक्ष अनुभव आणि प्रशिक्षणाचे तास, दोन्ही अर्जात दाखवावे लागतात. परीक्षा तीन तासांची, १२० प्रश्नांची आणि देखरेखीखाली होते. आणि अभ्यासक्रम एकट्या स्क्रमपुरता न राहता कानबान, लीन आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या इतर पद्धतींनाही स्पर्श करतो. धागाकर्त्यांना नऊ वर्षांचा अनुभव आहे, मग त्यांनी नवख्याचे प्रमाणपत्र का घ्यावे? ज्यांना करार, अंदाजपत्रक आणि पुरवठादार हेही सांभाळावे लागतात त्यांनी तर पीएमपीकडे (पीएमआयच्याच सर्वसाधारण प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राकडे) वळावे, कारण जानेवारी २०२१ च्या बदलात त्या परीक्षेचा सुमारे अर्धा भाग ॲजाइल आणि संमिश्र पद्धतींवर आधारला गेला.

नूतनीकरणाविषयी आपण जी नाराजी व्यक्त केली आहे तीही मला पटत नाही. एसीपीसाठी तीन वर्षांत ३० पीडीयू (पुढील शिक्षणाचे आणि व्यावसायिक कामाचे मोजमाप) मिळवावे लागतात, पीएमपीसाठी ६०. स्क्रम गाइड २०२० मध्ये बदलले तेव्हा 'डेव्हलपमेंट टीम' ही संज्ञा गेली, प्रॉडक्ट गोल (उत्पादनाचे दूरचे उद्दिष्ट) आला आणि डेली स्क्रममधले ते तीन ठरावीक प्रश्नही (काल काय केले, आज काय करणार, अडचण काय) वगळले गेले. ज्याने त्याआधी मुदत नसलेले प्रमाणपत्र मिळवले आणि पुन्हा गाइड उघडले नाही, तो आजही ते तीन प्रश्न विचारतो आहे आणि त्याचे प्रमाणपत्र त्याला काहीही म्हणत नाही.

काठावरचा (धागाकर्ता)

देखरेखीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो मान्य करतो. मात्र माझी नऊ वर्षे चाचणीची आहेत आणि त्यातली बरीचशी अशा प्रकल्पांवर गेली जिथे सर्व गरजा आधी लिहून घेऊन चाचणी शेवटच्या महिन्यात होत असे. तो काळ ॲजाइल अनुभव म्हणून अर्जात लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. खऱ्या अर्थाने स्प्रिंटमध्ये काम केल्याला जेमतेम वर्ष झाले आहे.

रांगेतले काम

येथे सर्वांनी स्क्रम गृहीत धरले आहे आणि धागाकर्त्यांची टीम नेमके काय काम करते हे एकानेही विचारलेले नाही, याचे मला नवल वाटते. माझी टीम चालू असलेली प्रणाली सांभाळते. काम सकाळी येते आणि बऱ्याचदा दुपारपर्यंत संपवावे लागते. दोन आठवड्यांचे नियोजन करून स्प्रिंट सुरू करायचा आणि तिसऱ्या दिवशी तातडीच्या तक्रारींनी त्याचा बोजवारा उडालेला पाहायचा, हा प्रकार आम्ही वर्षभर निष्ठेने केला, आणि आमच्याकडे तेव्हा तीन प्रमाणित स्क्रम मास्टर होते. मग कानबान पद्धतीने एका वेळी किती कामे हातात घ्यायची यावर मर्यादा घातली. 'चालू आहे' या रकान्यात चारपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, एवढा एकच नियम. पण पाचवे काम आले की आधीच्या चारांपैकी एक संपवायला सगळे धावू लागले. अशा टीमसाठी सीएसएम की पीएसएम हा वादच गैरलागू आहे. कानबान युनिव्हर्सिटीचे पायाभूत प्रशिक्षण अधिक उपयोगी पडेल.

बिनकागदी

मला हा सगळा खटाटोपच विसंगत वाटतो. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातील स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी ॲजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यातील पहिलेच मूल्य माणसांना आणि त्यांच्यातील संवादाला प्रक्रियांहून आणि साधनांहून वरचे स्थान देते. त्या चार मूल्यांवर प्रमाणपत्रांची एवढी मोठी उतरंड रचली जावी, यातला विनोद सुटू नये. व्यवहाराचेच पाहायचे तर जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने ॲजाइलशी संबंधित १,१०० हून अधिक पदे एका झटक्यात रद्द केली. तेथील लोकांकडे प्रमाणपत्रे नसतील असे मानण्याचे कारण नाही.

चाळणीमागून

भरतीच्या प्रक्रियेत मी काही वर्षे होते, म्हणून 'बिनकागदी' यांना उत्तर देते. एका जागेसाठी शेकडो अर्ज आले की पहिली चाळणी लावणाऱ्या व्यक्तीला बहुधा ॲजाइलमधले काहीही कळत नसते. तिच्या हातात शब्दांची एक यादी असते आणि यादीत सीएसएम किंवा पीएसएम लिहिलेले असते. ही पद्धत उत्तम आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु जी व्यक्ती संवादात निष्णात आहे तिला मुलाखतीच्या खोलीत पोचू तरी द्यायला हवे, आणि बाहेरून नोकरी शोधणाऱ्याला चाळणीची तत्त्वनिष्ठ उपेक्षा परवडत नाही. आपण दिलेल्या बँकेच्या उदाहरणातून मी वेगळा अर्थ काढते: निव्वळ स्क्रम मास्टर म्हणून ज्यांची ओळख होती त्यांची पदे गेली. त्यामुळे चाचणीचे कौशल्य टिकवून त्याच्या जोडीला हे प्रमाणपत्र घेणाऱ्याची स्थिती अधिक भक्कम असते.

सेफच्या (मोठ्या संस्थांत ॲजाइल राबवण्याच्या एका चौकटीच्या) प्रमाणपत्रांबद्दल एका वाक्यात सांगते. त्यांचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, म्हणून आपली संस्था ती चौकट आधीच वापरत असेल तरच ती घ्यावीत.

काठावरचा (धागाकर्ता)

'रांगेतले काम' यांचा आक्षेप रास्त आहे. आमची टीम एक नवे उत्पादन घडवते, तातडीच्या तक्रारी महिन्यातून एकदोनच येतात, त्यामुळे स्प्रिंट आमच्या कामाला मानवतो. मी अंतर्गत नोकरीतच असल्याने चाळणीचा प्रश्न मला आज तरी नाही.

माझे मूळ मत अर्धे मागे घेतो. तयारीसाठी पीएसएम १ मला अजूनही योग्य वाटते आणि ती परीक्षा मी दोन महिन्यांत देईन. मात्र ती संस्थेला 'मी प्रमाणित झालो' असे सांगण्याकरिता पुरेशी आहे हा माझा समज गेला. कार्यालयाने मंजूर केलेला प्रशिक्षणाचा खर्च, परीक्षेला फारसा लागणार नसल्याने, सीएसएमच्या वर्गाकडे वळवता येईल का, हे विचारून पाहतो. एसीपीचा विचार आणखी वर्षभराने, अर्जात लिहिण्याजोगे काही जमल्यावर.

पुरावा हवा

क्रम उलटा करावा, असे सुचवतो. वर्ग आधी करा आणि परीक्षा नंतर द्या. त्याच वर्गातले तास पुढे एसीपीच्या अर्जात प्रशिक्षण म्हणून दाखवता येतील का, हे पीएमआयच्या त्या वेळच्या नियमांत पाहून घ्या. आणि आजपासूनच कोणत्या प्रकल्पावर किती महिने, कोणत्या भूमिकेत काम केले याची नोंद ठेवू लागा. अर्ज भरताना जुन्या ईमेलमध्ये तारखा शोधत बसण्यात माझे दोन आठवडे गेले होते.

फळ्यापाशी

वर्ग मिळेपर्यंत उद्याच्या डेली स्क्रममध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहून पाहा. टीमला आधी सांगून ठेवा, नाहीतर आपण रागावला आहात असे त्यांना वाटेल; माझ्या टीमला वाटले होते.