सागाच्या रोपवनाची मोजणी: ड्रोन पुरे की टेप हवाच?

कूप_आराखडा:
सागाच्या रोपवनात झाड न् झाड टेपने मोजणं आता थांबवावं. २ × २ मीटरची लागवड म्हणजे हेक्टरी २५०० झाडं. विरळण्यांनंतरही (मधली झाडं काढून गर्दी कमी केल्यावरही) शेकड्यांनी उरतात. १०० मीटरवरून ड्रोन उडवा, ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंत सामाईक येणारा भाग) पुढे ८० आणि बाजूला ७० टक्के ठेवा. संगणक हे फोटो जोडून प्रत्येक झाडाच्या छत्राचा, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा, व्यास आणि उंची देतो. त्यावरून गोलाई (खोडाचा घेर), गोलाईवरून घनफळ. टेप नमुन्यापुरती पुरे.

टेप१३७:
साफ अमान्य. भाव खोडाला मिळतो आणि फोटोत खोडच दिसत नाही. घनफळ गोलाईच्या वर्गात वाढतं, म्हणजे गोलाई १० टक्के चुकली की घनफळ २१ टक्के चुकलं. त्यात दाट रोपवनात बसवलेलं छत्र-गोलाईचं सूत्र विरळणीनंतर चालत नाही. दबलेली झाडं वरून दिसत नाहीत, एकमेकांत शिरलेली दोन छत्रं सॉफ्टवेअर एकच धरतं.

कूप_आराखडा:
आणि टेप बिनचूक? गोलाई जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. उतारावर ही उंची वरच्या अंगाने धरायची असते; खालून धरली की गोलाई जास्त भरते. टेप तिरकी गेली, जास्तच. खोडाच्या खाचांवरून ताणली, तरी जास्तच. या चुका एकमेकींना खोडत नाहीत, सगळ्या एकाच बाजूला साचतात.

पानगळ:
अहो, उंची काढायला आधी जमीन दिसायला हवी! ऑक्टोबरमध्ये भरल्या पानांत घेतलेल्या फोटोंत फक्त छत्राचा वरचा थर मिळतो. जमिनीच्या पातळीसाठी पानगळ झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, दुसरं उड्डाण करा आणि दोन्हींची वजाबाकी घ्या. दोन्ही वेळा जमिनीवरच्या खुणा त्याच हव्यात, नाहीतर दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. खाली घाणेरी माजली असेल तर तिचाच माथा जमीन म्हणून धरला जातो आणि झाडं ठेंगणी दिसतात. तिथे लायडारच (लेझर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) हवा.

डोंगराळ कक्षात (जंगलाच्या आखलेल्या भागात) आणखी एक घोळ होतो. पायथ्यावरून १०० मीटर ठरवलं आणि माथा ४० मीटर उंच असला, तर माथ्यावर ड्रोन फक्त ६० मीटरवर. बाजूचा ७० टक्के ओव्हरलॅप तिथे ५० वर येतो आणि फोटोंची जोडणी फाटते. उड्डाण जमिनीच्या चढउताराप्रमाणेच आखा.

टेप१३७:
म्हणजे नमुन्यावरच सगळी भिस्त. ०.१ हेक्टरचा, ३१.६२ मीटर बाजूचा प्लॉट घ्या. छत्राखाली साधं जीपीएस ५ मीटर सहज चुकतं, म्हणजे २ मीटरच्या लागवडीत अडीच ओळी. फोटोतली झाडं वेगळी, टेपखालची वेगळी!

कूप_आराखडा:
म्हणून कोपरा मोकळ्या जागेतल्या पक्क्या खुणेपासून कंपास आणि टेपने आखावा. फोटोवरून रोपवनाचे दाट, मध्यम, विरळ असे भाग पाडून प्रत्येकात प्लॉट टाकावेत. पूर्ण तोडीचं एखादं कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) दोन्ही पद्धतींनी मोजा आणि डेपोत आलेल्या लाकडाशी ताडा.

टेप१३७:
ताडा, पण कूपात राहिलेले शेंडे आणि पोकळ ओंडकेही मोजा. नाहीतर दोन्ही अंदाज उगाच फुगलेले दिसतील. आणि विक्रीच्या मार्किंगला (तोडायच्या झाडांवर खुणा करताना) टेपच, त्यात तडजोड नाही.